घरबसल्या ब्रदर होता येतं का?

चिपळूणच्या आसपासच्या एका वाचकाचं हे पत्र, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स होण्याबद्दलचं. नाव, गाव आणि हॉस्पिटल काढून टाकलं आहे आणि मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

वय २९. बारावी सायन्स, पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) ४८ टक्के. नंतर एक वर्षाचा इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा कोर्स. गेली ६ वर्षं महामार्गालगतच्या एका खासगी हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सवर. पगार १६ हजार. घरी आई, बायको, दीड वर्षाची मुलगी आणि आंब्याची वीसेक कलमं. कंबर धरते, रात्रीच्या कॉलला हल्ली अंग उठत नाही. 'एवढी वर्षं काढली तरी वाडीत मी गाडीवरचाच.' बायकोच्या मावसभावाचा एक मित्र अमेरिकेत पॅरामेडिक होता. तो नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकला आणि आता तिथे रजिस्टर्ड नर्स आहे. हे ऐकल्यापासून डोक्यात नर्सिंग बसलं. मग मोबाइलवर जाहिरात दिसली: घरबसल्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), हजेरीची गरज नाही, परीक्षेला वर्षातून एकदा परराज्यात जायचं, अनुभव असेल तर एक वर्ष माफ, फी ९० हजार, नोंदणी करून देण्याची जबाबदारी आमची. ५ हजार भरून झालेत, बाकीचे महिनाअखेरीस द्यायचेत. आई म्हणते, बापयाने नर्स होऊन काय करायचं? बायको (तीही बारावी सायन्स, ६३ टक्के) म्हणते, तुम्हांला पाहिजे तर करा.

आणि शेवटी ताजा कलम: 'गेल्या आषाढात एक बाई भाताची लावणी करताना आजारी पडलेली, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप). कुंभार्ली घाटातून कराडला पोचवली. घाट चढून जाईपर्यंत माझा हात धरून होती. कॅज्युअल्टीत दिली आणि गाडी फिरवली. पुढे तिचं काय झालं ते कळलं नाही. आमचं असंच असतं.'

*

नमस्कार.

पहिल्यांदा पैशांचं बोलू, कारण महिनाअखेर जवळ आहे. उरलेले ८५ हजार भरू नका. दिलेले ५ हजार परत मागा, लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. नाही आले तर सोडून द्या, पण 'पाच गेलेच आहेत तर पंचाऐंशी टाकून बघू' असा हिशोब करू नका. आधी रक्त कुठून जातंय ते बघायचं आणि तिथे दाबून धरायचं, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आता का, ते. जाहिरातीतलं एकेक वाक्य घेऊ.

'घरबसल्या जीएनएम.' जीएनएम ३ वर्षांचं, बीएससी नर्सिंग ४ वर्षांचं, आणि दोन्ही पूर्ण वेळ हजेरीचे. ज्याच्या जोरावर तुमचं नाव पहिल्यांदा महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या रजिस्टरात चढतं, असा ऑनलाइन किंवा पत्राने होणारा एकही कोर्स आपल्या देशात नाही. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यापासून ही रीत चालत आली आहे. २०२३ मध्ये त्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला, म्हणून काही घरबसल्याची वाट उघडलेली नाही.

'अनुभव असेल तर एक वर्ष माफ.' असा नियम नाही. तुमची ६ वर्षं कागदावर शून्य धरली जातील. हे ऐकायला कडू आहे, आणि मला विचाराल तर अन्यायाचंही आहे, पण आज वस्तुस्थिती ही आहे.

एजंटला हे सांगितलंत की तो म्हणेल, 'अहो, इग्नूसुद्धा नर्सिंग शिकवतं!' शिकवतं ना. पोस्ट बेसिक बीएससी. पण कुणाला? जे आधीच जीएनएम झालेत, ज्यांची नोंदणी झाली आहे आणि काही वर्षं नोकरीही झाली आहे, अशा नर्सना. घराला वरचा मजला चढवायची ती सोय आहे, तुमचा तर अजून पायाच खणायचा आहे.

अमेरिकेतला तो मित्र खोटं बोलत नाही, बरं का. तिकडे पॅरामेडिकला नर्स होण्यासाठी ब्रिज कोर्स असतात. तिथे पॅरामेडिक हा स्वतःच परवानाधारक असतो, त्यामुळे त्याचं आधीचं शिक्षण काही प्रमाणात धरलं जातं. थिअरी ऑनलाइन होते, पण वॉर्डातले तास त्यालाही हॉस्पिटलात उभं राहूनच भरावे लागतात, आणि वर एनसीएलईएक्स नावाची परवान्याची परीक्षा. मावसभावाने तुमच्यापर्यंत पोचवताना 'ऑनलाइन' तेवढं लक्षात ठेवलं आणि वॉर्ड गाळला. सांगोवांगीत मेहनतीचा भाग नेहमी असाच गळतो.

आता जाहिरातीतलं शेवटचं वाक्य, 'नोंदणीची जबाबदारी आमची.' मला सगळ्यात भीती याची वाटते. समजा कागद पूर्ण बोगस निघाला, तर निदान लवकर कळेल, पैसे बुडतील आणि तुम्ही सुटाल. पण कधी कधी परराज्यातलं कॉलेज खरं असतं, मान्यता खरी असते, फक्त तुमची हजेरी तिथे कुणी तरी भरत असतं. कागद खरा आणि शिक्षण खोटं. तो कागद घेऊन तुम्ही वॉर्डात उभे राहाल तेव्हा काय होतं, ते मी पाहिलं आहे.

मी आधी वॉर्डात आणि नंतर ट्यूटर म्हणून मिळून ३१ वर्षं काढली. वॉर्डात असतानाची गोष्ट. आमच्याकडे एक नवीन स्टाफ नर्स आली होती. मुलगी गुणी, नम्र, प्रमाणपत्र फ्रेम करण्यासारखं. जुलै महिना, वॉर्ड लेप्टोने भरलेला, खाटा कमी पडून दोघांना खाली गाद्या घातलेल्या. एक पन्नाशीचे गृहस्थ होते, पायांच्या भेगांत अजून चिखल, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चादर लागली तरी कण्हायचे. वजन असेल ५० किलो. मी रात्री ओव्हर घेतली, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांचा ताबा, आणि चार्ट पाहिला. लघवीच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द: नॉर्मल. मी तिला विचारलं, 'नॉर्मल म्हणजे किती?' ती म्हणाली, 'बॅगेत होती, सिस्टर.'

आठ वाजता मी युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी केली आणि मापाचं भांडं खाटेखाली ठेवलं. रात्री दोन वाजता बॅगेत होती ७० मिली. किलोमागे तासाला अर्धा मिली हा आमचा साधा हिशोब. ५० किलोच्या माणसाची तासाला २५ मिली तरी हवी, ६ तासांत दीडशे. किडनी बसत चालली होती, आणि कधीपासून ते सांगायला चार्टवर एक आकडा नव्हता. डॉक्टरांना उठवलं, पुढची धावपळ झाली, त्यांना पहाटे डायलिसिससाठी हलवलं. कदाचित तुमच्यासारख्याच कुणी तरी नेलं असेल.

त्या मुलीवर मी त्या रात्री खूप चिडले. नंतर कळलं की तिने शिकताना वॉर्ड पाहिलाच नव्हता. तिला इनटेक-आउटपुट चार्टची (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं) व्याख्या येत होती, परीक्षेत तिने ती लिहिली असणार. बॅगेखाली भांडं धरून वाकून, डोळ्याच्या रेषेत पातळी आणून वाचायचं असतं, हे कुणी तिच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं नव्हतं. चूक तिची थोडी, तिला ९० हजारांत मोकळी सोडणाऱ्यांची जास्त.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते. तुमच्याकडे बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) कार्ड असेलच. त्याचा अभ्यासाचा भाग हल्ली ऑनलाइनही करता येतो. तरी कार्ड कधी मिळतं? बाहुल्याच्या छातीवर इन्स्ट्रक्टरसमोर दाबून दाखवल्यावर. मिनिटाला १०० ते १२०, निदान ५ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. फोनवर व्हिडिओ बघून सीपीआर शिकलेला जोडीदार तुम्हांला गाडीत चालेल का? नाही ना. मग वॉर्डात तसा जोडीदार माझ्या बहिणींना का चालावा?

एवढं झाल्यावर जाहिरातीचा विषय माझ्यापुरता संपला. आता तुमच्या पत्राकडे येते, कारण मला ते पत्र ऑनलाइन कोर्सबद्दलचं वाटलंच नाही.

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. कंबर, रात्र आणि मान. तिन्हींवर नर्सिंग हा उपाय आहे असं तुम्ही धरून चालला आहात. जरा तपासून बघू.

कंबर. पक्षाघाताच्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ८० किलोचा माणूस, रात्रीची वेळ, मामा (वॉर्डबॉय) दुसऱ्या वॉर्डात गेलेले आणि मावशी (आया) एकट्या. नर्सेसच्या कमरा काय लोखंडाच्या नसतात. मी आज जिना चढताना कठडा धरते तो त्या नोकरीमुळेच. तेव्हा कंबरेला आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर दाखवा. हा सल्ला कोर्स करा अगर न करा, दोन्हीकडे लागू.

रात्र. मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट हे चक्र निवृत्तीपर्यंत चालतं. गणपतीत आणि शिमग्याला तुम्हांला रजा मिळत नाही, कारण महामार्गावर चाकरमान्यांची रांग लागते आणि अपघात वाढतात. ते अपघात येतात कुठे? आमच्याकडेच. पालखी दारात आली तेव्हा मी घरी होते असं अख्ख्या नोकरीत मोजून चार वेळा घडलं.

मान. इथे तुमचं दुखणं खरं आहे आणि त्याचं कारण तुमच्यात नाही. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तिच्या गाडीवर डॉक्टर असतो, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर, आणि सोबत चालक. इतर काही राज्यांत तुमच्यासारखा टेक्निशियन त्या गाडीचा कणा आहे. आपल्याकडे तो खासगी हॉस्पिटलांत आणि कारखान्यांत विखुरला. त्यामुळे ना संघटना, ना बढतीची पायरी, ना गावाला कळेल असं नाव. नर्सला 'सिस्टर' म्हणतात, डॉक्टरला 'डॉक्टर', तुम्हांला हाक मारायला शब्दच नाही. 'गाडीवरचा' हे त्यातून आलं. २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदा आहे, त्यात पॅरामेडिकचं नाव यादीत आलं आहे. त्याची नोंदणी आणि परिषदा रुळायला वेळ लागतोय, पण त्याआधी केंद्राच्या कायद्यात तुमचं नावच नव्हतं, हेही लक्षात घ्या.

आणि मग तो ताजा कलम. मला वाटतं तुमचं खरं पत्र तिथे सुरू होतं.

घाटभर हात धरलेली बाई कॅज्युअल्टीच्या दारात सोडायची, स्ट्रेचर परत घ्यायचं, गाडी पुसायची आणि पुढच्या कॉलला निघायचं. तुमचं काम दाराशी संपतं आणि आमचं तिथून पुढे सुरू होतं. पुढचं काम कसं असतं ते वर सांगितलंच. सायरन नाही. भांड्यातली पातळी, थेंब मोजणं, दर चार तासांनी तोच पारा, तीच नाडी. २० थेंबांच्या सेटवर (ज्यात २० थेंबांचा एक मिली होतो) ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं तर मिनिटाला २१ थेंब पडले पाहिजेत, आणि रुग्णाने हात दुमडला की ते बदलतात. महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर जे काम केलं, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याच्याही मुळाशी रुग्णाच्या उशाशी बसून तासन्‌तास पाहणं होतं. कोकणातल्या लाल विंचवाने माणसं मरत होती, आणि ती कशी मरतात हे आधी कुणी तरी नीट बसून बघायला हवं होतं.

तुम्हांला हे बसून बघणं हवं आहे का? की फक्त दुसरा कागद आणि दुसरी हाक हवी आहे? दोन्ही हव्या असण्यात काही वाईट नाही. पण पहिलं हवं असेल तर जो भाग टाळायला तुम्ही ८५ हजार देणार होतात, नेमका तोच भाग तुम्हांला हवा आहे. हा विरोधाभास तुमच्या लक्षात आला नसेल असं मला वाटत नाही. ताजा कलम माणूस उगाच लिहीत नाही.

आता वाटा. सगळ्या सारख्या नाहीत, त्यामुळे मी सगळ्यांवर सारखं बोलणार नाही.

जीएनएम हीच तुमची सरळ वाट. बारावीची कुठलीही शाखा चालते, इंग्रजी हवं, ४० टक्के हवेत, वय १७ ते ३५. तुम्ही २९ चे, म्हणजे घाई नाही आणि फार वेळही नाही. बीएससीला पीसीबी आणि इंग्रजीसह ४५ टक्के लागतात, तुमचे ४८ त्यात बसतात, पण तिथे राज्याची नर्सिंग सीईटी देऊन कॉलेज मिळवावं लागतं आणि एक वर्ष जास्त. मुलगी शाळेत जाईपर्यंत कमावता झालेला बाप हवा असेल तर मी जीएनएम म्हणेन. नंतर पोस्ट बेसिक आहेच, आणि तेव्हा चालू असेल तर इग्नूवाली दूरस्थ गोष्ट तुमच्या खरोखर कामाला येईल.

प्रवेश घेण्याआधी संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः बघा, एजंटच्या मोबाइलवरच्या फोटोत नको. दुसरं, मुलांसाठी जागा किती ते आधी विचारा. नर्सिंगमध्ये आरक्षण उलट्या दिशेने चालतं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीतसुद्धा ८० टक्के जागा महिलांना आणि २० पुरुषांना आहेत. तिसरा प्रश्न मी सगळ्यांना विचारायला सांगते आणि कुणी विचारत नाही: 'तुमच्या विद्यार्थ्यांची क्लिनिकल ड्युटी कुठल्या हॉस्पिटलात असते? तिथे रोज खाटा किती भरलेल्या असतात?' या प्रश्नावर जिथे चहा मागवला जातो आणि विषय बदलतो, तिथून उठा.

त्या तीन वर्षांत १६ हजार बंद होणार. 'दिवसा कॉलेज, रात्री गाडी' असा विचार मनात असेल तर तो काढून टाका. विद्यार्थ्यालाही नाइट लागतात, आणि झोप न झालेला माणूस इंजेक्शन भरताना दशांश चिन्हाची चूक करतो. मी पाहिली आहे, सुदैवाने सिरिंज टोचायच्या आधी. त्यापेक्षा एक वर्ष थांबा. पैसे साठवा, उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा, महाडीबीटीवर कुठली शिष्यवृत्ती तुम्हांला बसते ते पाहा. कलमं विकायची नाहीत. हंगामापुरती कराराने द्या फार तर.

या वर्षात तुमचं ऑनलाइनही होऊ दे! ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, इंग्रजी आणि औषधांची गणितं, हे सगळं फोनवर फुकट शिकता येतं. शांत कॉलच्या रात्री गाडीत बसून रोज एक तास. अठरा वर्षांच्या मुलींच्या शेजारी बेंचवर बसाल तेव्हा पुस्तकात त्या तुमच्या पुढे असतील. इंट्राकॅथ (शिरेतली सुई) लावताना तुम्ही त्यांच्या पुढे असाल. एक सूचना आधीच देते: ट्यूटर कदाचित तुमच्याहून लहान असेल आणि 'असं करत नाहीत' म्हणेल, तेव्हा 'आम्ही गाडीत असंच करायचो' हे वाक्य गिळा. गाडीत लागते ती घाई वॉर्डात उपयोगाची नसते, आणि ती सोडायला गाडीवरून आलेल्यांना पहिलं वर्षभर लागतं.

नर्सिंग नको आणि आहे तेच काम बऱ्या जागी हवं, असंही उत्तर येऊ शकतं. त्यात कमीपणा नाही. आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवीचा कोर्स आहे, तोही हजेरीचाच. आणि तुमच्यापासून फार लांब नाही अशी लोटे-परशुरामची एमआयडीसी आहे. कायद्याप्रमाणे ५०० हून जास्त कामगार असतील त्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम, म्हणजे प्रथमोपचाराची खोली, ठेवावी लागते. रसायनांच्या कारखान्यांना तुमच्यासारखा हात लागतो, पाळ्या ठरलेल्या असतात आणि कुंभार्ली घाट नसतो. हे ऐकून तुम्हांला हायसं वाटलं की हिरमुसलं, ते स्वतःशी बघा. मला तुमच्या उत्तरापेक्षा त्यात जास्त रस आहे.

आईंचा प्रश्न सोपा आहे. त्यांना सांगा की पुरुष वॉर्डात कॅथेटर (लघवीची नळी) घालायची वेळ आली की सत्तरीचे आजोबा धोतर घट्ट धरून विचारतात, 'ब्रदर नाय काय हो कुणी?' तेव्हा मला दरवेळी वाटायचं, एक असता तर बरं झालं असतं.

आता मला खटकलेली एक गोष्ट. तुमच्या पत्रात तुमची टक्केवारी आहे आणि बायकोचीही आहे. तिची तुमच्याहून १५ टक्क्यांनी जास्त आहे, आणि तुम्ही ती कंसात लिहिली आहे. 'तुम्हांला पाहिजे तर करा' हे वाक्य तुम्ही परवानगी म्हणून वाचलंत. मी ते तीनदा वाचलं आणि मला ते तसं ऐकू आलं नाही. बारावी सायन्स ६३ टक्के झालेल्या मुलीला तेव्हा काय व्हायचं होतं, हे तिला कुणी विचारलंय का? नसेल तिला नर्सिंगमध्ये काडीचा रस, मी उगाच घरात काडी टाकत नाही. पण हिशोब तरी मांडा. नर्सिंगमध्ये जागा तिला जास्त. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ठरावीक प्रवर्गांतल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं आहे. तुमच्या मनातला कोर्स आणि तुमचा प्रवर्ग त्यात बसतो का, ते कॉलेजच्या खिडकीवर विचारून येईल कुणी तरी. ती शिकली तर तुमचे १६ हजार चालू राहतात. मुलगी दीड वर्षाची आहे, तिला सांभाळणं हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तेवढाच आहे, आणि आई घरात आहेत. आज रात्री जेवण झाल्यावर मोबाइल लांब ठेवून तिला विचारा. उत्तर 'नाही' आलं तर विषय मिटला, निदान विचारलं होतं असं तरी होईल.

या सगळ्याच्या आधी करायचं एक छोटं काम आहे, त्याला फी नाही. तुम्ही जिथे नेहमी रुग्ण सोडता त्यातल्या एखाद्या हॉस्पिटलच्या सिस्टर इन्चार्जना भेटा. सुट्टीच्या दिवशी, युनिफॉर्म न घालता. 'मला नर्सिंगला जायचंय, एक नाइट वॉर्डात कोपऱ्यात उभं राहून बघू द्याल का' असं विचारा. नियमामुळे नाही म्हणाल्या तर चहाच्या वेळेपुरतं त्यांच्याशी बोला. बहुतेकींना असं कुणी कधी विचारलेलं नसतं, त्यामुळे त्या वेळ काढतील.

आणि कराडला फोन करा. तारीख तुमच्या गाडीच्या लॉगबुकात असेल, बाईंचं नाव तिथल्या कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात. आजाराबद्दल तिथल्या सिस्टर तुम्हांला काही सांगणार नाहीत, सांगूही नये. पण 'मी तिला घाटातून आणली होती, घरी गेली का एवढंच सांगा' असं म्हणा. रात्री साडेदहानंतर करा, ओव्हर झालेली असते आणि पहिली औषधं देऊन झालेली असतात.